दुखतंय की नाही, हे कोण ठरवणार?

माझं दुखणं खरं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणी मनात म्हणायला नको की बाईला जरा जास्तच वाटत असेल. तेवढं ऐकून झालंय माझं. घरच्यांकडून ऐकलं, शेजाऱ्यांकडून ऐकलं, पांढरा कोट घातलेल्यांकडून ऐकलं, आणि सांगायला लाज वाटते, पण एकदा माझ्याच तोंडून ऐकलं.

मी घाटकोपरला राहते, मुलगा आणि सुनेबरोबर. वय सहासष्ट. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाचनालयाची पुस्तकं आणून वाचून. तीस-बत्तीस वर्षं घरी बसून साड्यांना फॉल-बीडिंग केलं. त्यामुळे दुखणं म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. बोटात सुई घुसते ते एक, दिवसभर मांडी घालून कंबर धरते ते दुसरं, लग्नसराईत मान आखडते ते तिसरं. प्रत्येकाची जागा ठाऊक, प्रत्येकाचं औषध ठाऊक. शेक घ्यायचा, बाम चोळायचा, सकाळी पुन्हा बसायचं.

तीन वर्षांपूर्वी जे सुरू झालं ते ह्यातलं कुठलंच नव्हतं.

आमचे हे जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. जे रडायचं ते रडून झालं होतं. मुलाचं लग्न झालेलं, सून मनाने चांगली, घरात कटकट नाही. आणि एका सकाळी उठले तर खांदे असे जड, की कोणीतरी त्यांच्यावर बसून राहिलंय. मग पाठ. मग तळपाय. कपाटातली वरच्या कप्प्यातली साडी काढायला हात उचलेना. आणि एका जागी थांबेल तर शपथ. डॉक्टर विचारायचे कुठे दुखतं, मी म्हणायची सगळीकडे. ते हसायचे. म्हणायचे, "मावशी, सगळीकडे असं काही नसतं. एक बोट ठेवून दाखवा." आता सगळ्या अंगावर एक बोट कसं ठेवू, ते त्यांनीच सांगावं.

रक्त तपासलं. एक्स-रे काढले. त्या नळकांड्यात घालून मणक्याचा एमआरआय काढला. सगळीकडून एकच कागद परत, नॉर्मल. मुलगा दर वेळी खूश व्हायचा. रिक्षात बसल्या बसल्या म्हणायचा, आई, काही नाहीये बघ, उगाच घाबरत होतीस. त्याचा तो सुटलेला चेहरा बघून मला त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटायचा. काही नाहीये म्हणजे काय रे? मग मी रोज सकाळी जे अंगावर घेऊन उठते ते काय आहे?

धपाटा घातला नाही. घालायला हवा होता. पण तेव्हा तेवढीही ताकद नव्हती, आणि हीच ह्या आजाराची दुसरी खोडी. माझी जीभ तशी कधी गप्प बसणारी नाही, आमच्या मजल्यावर कोणालाही विचारा. पण त्या दिवसांत बोलणं आटलं. तोंडावर काही उमटेना. दुखतंय हे मी अशा आवाजात सांगायची, जसं कांदे संपलेत म्हणून सांगावं. आता कांदे संपले म्हटल्यावर कोण धावत येतं? येताना आणतो म्हणतात आणि विसरतात.

माझी आई कायम डोक्याला फडकं बांधून असायची. गिरणीच्या भोंग्यावर सगळं घर चालायचं, आठ माणसांची खोली, आणि ती फडकं बांधून पोळ्या लाटायची. आम्ही भावंडं त्याला आईचा मुकुट म्हणायचो आणि हसायचो. तिला विचारलं नाही कधी कोणी. मन लागत नाही असं बोलायची आमच्यात सोयच नव्हती. कोणी तसं म्हणालंच तर उत्तर ठरलेलं, काम कर, लागेल. पण डोकं दुखतं म्हटलं की अर्धा कप चहा जास्त मिळायचा आणि घटकाभर पाठ टेकू द्यायचे. मग बाईच्या मनाने काय करावं? ते डोक्यातून बोलायला शिकलं, कंबरेतून बोलायला शिकलं. आणि तसं बोललं म्हणून डोकं दुखत नव्हतं असं नाही हां. दुखतच होतं. मी हसले होते तिला. त्याचा राग आला की तो मी कोणावर काढणार?

असो. दीड वर्ष असं गेल्यावर सुनेने मला पालिकेच्या इस्पितळात मनाच्या ओपीडीत नेलं. ती पवईला एका कंपनीत नोकरी करते, तिच्या ऑफिसात कोणीतरी तिला सुचवलं होतं. तिथली डॉक्टर म्हणजे पोरच, सुनेच्या वयाची. तिने कुठे दुखतं ते विचारलंच नाही. विचारलं, आधी काय करायचात जे आता करत नाही? मी म्हटलं रेडिओ लावत नाही. मशीनवरचं कापड काढलेलं नाही. शेजारणीकडे जात नाही. अंघोळ करून आले की केस विंचरायचं राहून जातं. सांगता सांगता मलाच कळेना हे सगळं कधी सुटलं. ती लिहीत होती, आणि मान वर करून म्हणाली की हे डिप्रेशन आहे, आणि पुष्कळ माणसांत ते रडण्यातून बाहेर येत नाही, दुखण्यातून येतं.

मी म्हटलं, "म्हणजे मला दुखत नाही?"

"कोण म्हणालं? दुखणं जाणवायचं काम आणि मन सांभाळायचं काम आत बरंचसं एकाच ठिकाणी चालतं, मावशी. तिथे बिघडलं की जे दुसऱ्याला खुपणारही नाही ते तुम्हाला बोचतं. तुम्हाला दुखतंय ते खरंच दुखतंय."

दीड वर्षात पहिल्यांदा कोणी तसं म्हणालं. मी तिथे रडले नाही, पण बाहेर येऊन बाकड्यावर बसले आणि सुनेला म्हटलं, जरा थांब, मला बसू दे.

गोळी सुरू झाली. पहिले पंधरा दिवस काही नाही, नुसतं तोंड कोरडं. दीड-दोन महिन्यांनी एका दुपारी लक्षात आलं की मी वरच्या कप्प्यातली साडी काढलीये आणि खांद्याकडे लक्षही गेलेलं नाही. मशीनवरचं कापड काढलं. पाठ गेली नाही पूर्ण, पण दुखणं माझ्या मापाचं झालं, मला उचलता येईल एवढं.

आणि मग मी गाढवपणा केला. मी सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं आनंदाची गोष्ट आहे, सांगावी. कळलं एकदाचं काय होतं ते. माझी मोठी जाऊ मुलुंडला असते, फोनवर तिला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे दुखत नव्हताच तर. मनाचाच होता."

मी म्हटलं, अगो वहिनी, तसं नाही. पण तिचं ठरलं. आणि तिचं ठरलं की नात्यात सगळ्यांचं ठरतं. त्या दिवसापासून मला गुडघा दुखायची परवानगी राहिली नाही. शिंकले तरी विचारायचे, गोळी घेतलीस ना? भाजीवाल्याशी भांडले तरी, आज गोळी चुकली वाटतं. सुरुवातीला मीही हसायची.

आमचा गणपती आधी गावी असायचा. आता गावचं घर बंद, म्हणून मुलुंडला मोठ्या दिरांकडे येतो. आम्ही कोकणातली माणसं, आमच्यात गाऱ्हाणं घालतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आरती झाली की घरातला मोठा पुरुष हात जोडून देवापुढे उभा राहतो आणि सगळ्या घराच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो. कोणाच्या नोकरीचं, कोणाच्या लग्नाचं, कोणाच्या आजारपणाचं. आणि प्रत्येक मागण्याला मागे उभे असलेले सगळे एका आवाजात म्हणतात, होय म्हाराजा. ज्याचं मागणं आहे त्याने बोलायचं नसतं, मोठा माणूस बोलतो.

त्या दिवशी वीसेक माणसं होती हॉलमध्ये. दिरांनी नातवाचं कॉलेज मागितलं, होय म्हाराजा. पुतण्याचं मूल सुखरूप होऊ दे, होय म्हाराजा. मग त्यांनी अर्धवट वळून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मी कबूल करते. प्रेमाने बघितलं. आणि म्हणाले, "आणि हिच्या मनात जो काय दुखण्याचो भरम शिरलो हा, तो भायर काढून टाक आणि हिका सुखी कर रे म्हाराजा."

होय म्हाराजा, सगळे म्हणाले. माझा मुलगा म्हणाला. जाऊ जरा जोरातच म्हणाली. आणि मीही म्हणाले. साठ वर्षांची सवय, हात जोडलेले, मागणं संपलं की तोंड आपोआप उघडतं. शब्द बाहेर पडल्यावर मला कळलं मी कशाला होय म्हटलं ते. मी स्वतः देवासमोर उभी राहून सांगितलं की माझं दुखणं म्हणजे भ्रम आहे. पण तोवर दीर पुढच्या मागण्यावर गेले होते आणि एक पोर प्रसादाचं ताट घेऊन फिरायला लागलं होतं.

जेवण झालं. मोदक होते, वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याची उसळ होती, मी खाल्लं व्यवस्थित. तासाभराने उजव्या बरगडीखाली कळ आली. मोठी. ती मागे उजव्या खांद्यात निघाली. ही माझी जुनी पाठ नव्हती, हे मला क्षणात कळलं. इथे मी बोट ठेवून दाखवू शकत होते. दाखवलंही. जाऊ म्हणाली, आराम कर, गाऱ्हाण्यात नाव घेतल्यामुळे तुझ्या मनात आलं असेल. मी म्हटलं, वहिनी, पोटात आहे. ती म्हणाली, तेच तर.

उलटी झाली तेव्हा मुलगा उठला आणि आम्ही रिक्षाने एका नर्सिंग होममध्ये गेलो. आता माझ्या मुलाचं सांगते. तो फार टापटिपीचा आहे. माझे सगळे कागद त्याने एका फायलीत तारखेप्रमाणे लावलेत, मला कुठेही न्यायचं तर ती फाईल बरोबर असते, आणि मनाच्या डॉक्टरचा कागद सगळ्यात वर, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये. मुद्दाम. कोणत्याही डॉक्टरने आधी तो बघावा, चुकूनही राहू नये, म्हणून. पुण्यकर्म केल्यासारखं त्याने ती फाईल त्या डॉक्टरच्या हातात दिली.

डॉक्टरने वरचा कागद वाचला आणि फाईल मिटली. आतलं काही बघितलं नाही. माझ्या पोटाला हात लावला नाही. मी त्याला सांगत होते की इथे दुखतंय आणि इथून मागे जातंय, पण कशा आवाजात सांगत होते ते मला ठाऊक आहे. कांदे संपलेत त्या आवाजात. पलीकडच्या खाटेवर एक बाई पाय मुरगळून आली होती, ती अशी बोंबलत होती की दोन सिस्टर तिच्यापाशी. तिला दुखत असणार, मी नाही म्हणत नाही. पण माझ्याकडे बघून तो मुलाला म्हणाला, "एवढं खरंच दुखत असतं तर त्या अशा शांत बसल्या असत्या का?" माझ्याशी नाही बोलला, मुलाशी बोलला. मी तिथेच होते.

ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. सांगितलं, मनाची गोळी वाढवून घ्या. मुलाने मान डोलावली.

मला बोलायचं होतं. मला त्या माणसाची कॉलर धरून म्हणायचं होतं की बाबा, माझा चेहरा नीट चालत नाहीये आणि हाच माझा आजार आहे, तुझ्या हातातल्या कागदावर तेच लिहिलंय. कांद्याच्या आवाजात बोलते म्हणून कांदे समजू नकोस. पण मी चप्पल घातली आणि रिक्षात बसले.

दोन दिवस घरी काढले. घोटभर पाणी पोटात ठरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी सून ऑफिसला निघाली होती, पर्स खांद्याला. माझ्या खोलीत डोकावली, डोळ्यांत बघितलं, मला खिडकीशी उजेडात नेलं आणि पुन्हा बघितलं. डोळे पिवळे झाले होते. ती मुलाला काही बोलली नाही, तो आधीच गेला होता. तिने ऑफिसला फोन केला, रिक्षा बोलावली आणि मला दुसऱ्या इस्पितळात घेऊन गेली. रिक्षात तिने फाईल उघडली, वरचा कागद कव्हरमधून काढला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला.

मी बघत होते.

तिथल्या डॉक्टरने फाईल चाळली. वर काय, तर पोटाचं काही नसलेला मणक्याचा एमआरआय. मग त्याला माझ्या पोटाकडे बघावंच लागलं. बरगडीखाली दाबलं आणि मी श्वासच सोडेना. लगेच सोनोग्राफी. पित्ताशयात खडे, सूज, एक खडा नळीत अडकलेला. सर्जन म्हणाले, अजून थोडं थांबला असतात तर आत फुटलं असतं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मीच सांगितलं की मी मनाची ही गोळी घेते, कारण ते लपवायचं नसतं एवढी अक्कल मला आहे. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नावर गेल्या. इतकं साधं असतं ते.

आधी नळीतला खडा दुर्बीण घालून काढला, मग पित्ताशय. चार-पाच दिवसांनी, सलाईन निघाल्यावर, सून माझ्याशेजारी संत्रं सोलत बसली होती. म्हणाली, आई, मी तो कागद काढला, तुम्हाला राग आला का?

"आला."

"माझा?"

"तुझा नाही गं. जीव वाचवलास तू. पण मला एक दुखणं खरं ठरवायला दुसरं लपवावं लागलं, ह्याचा राग आला. चोरी केल्यासारखं. मी काय चोरलंय?"

तिने फोड पुढे केली. माझ्याकडे बघितलं नाही. सालं मुठीत धरून बसली होती.

मग भेटायला माणसं यायला लागली. सर्जनने खडे एका छोट्या बाटलीत घालून दिले होते, बारा होते, चिकूच्या बियांसारखे काळपट. मुलगा ती बाटली आल्या-गेल्याला दाखवायचा. त्याला माझ्याकडे बघून बोलता येत नव्हतं, म्हणून बाटलीच पुढे करायचा, हे मला कळत होतं. मोठे दीर आले, बाटली उजेडात धरली, हलवली. म्हणाले, "एवढे खडे! अगो, मग सांगूक नको आमका?"

मी त्यांना कधी उलट बोललेले नाही. त्या दिवशी बोलले. म्हटलं, भावजी, मी सांगितलं होतं. तुम्हीच देवाला सांगितलंत की तो भ्रम आहे. ते बाटली हातात धरून उभे राहिले. जाऊ म्हणाली, जाऊ दे गो, आता कळला ना सगळ्यांका, खरा होता.

खरा होता! माझं डोकं तिथेच फिरलं. कारण तिच्या बोलण्याचा अर्थ असा की बाटलीतलं तेवढं खरं. आणि त्याआधीचे खांदे? ते तळपाय, ज्यांच्यावर उभं राहून मी दीड वर्ष कुकर लावला? ते खोटेच राहिले. त्यांचे खडे कुठून आणून दाखवू? मला बाई मनापासून सांगावंसं वाटलं की पित्ताशयाचं सोड, ते कोणालाही होतं. माझं मोठं दुखणं ते होतं, ज्याचा फोटो निघत नाही. मी सांगितलं नाही, कारण टाके ओढत होते, आणि कारण ती मोसंबी घेऊन आली होती.

घरी आल्यावर मुलाने बाटली शोकेसमध्ये ठेवली, त्याच्या कॅरमच्या कपाशेजारी. मी म्हटलं काढ ती. तो म्हणाला, राहू दे ना आई, कोणी विचारलं तर दाखवता येईल. त्याच्या दृष्टीने तो माझी बाजू घेत होता.

चार दिवस मी ती बघितली. जाता येता दिसायची. पाचव्या दिवशी सकाळी उठले तर पाठ दुखत होती, जुनी पाठ, सगळीकडची. मधूनमधून येते अजून. बाहेर येऊन सोफ्यावर बसले आणि समोर ती बाटली. मला वाटलं, आता मी पाठ दुखते म्हटलं तर ह्या घरात सगळे आधी तिच्याकडे बघणार आणि मग माझ्याकडे. बाकी कशाचा राग आला नाही एवढा त्या विचाराचा आला. उठले, बाटली उघडली आणि कचऱ्याच्या डब्यांपाशी गेले. आता ओल्या कचऱ्यात टाकू की सुक्यात, हे मला खरंच कळेना. शेवटी खडे ओल्यात, बाटली सुक्यात.

सून डबा भरत होती. तिने बघितलं. म्हणाली, "आई, टाकलेत? आणि उद्या कुठे दुखलं तर?"

"तर मी सांगेन की दुखतंय. पाठ आत्ता दुखतेय, हे तुला सांगतेय. ह्याच आवाजात. आणि ह्याच्यासाठी मी काही दाखवणार नाही."

ती डब्याचं झाकण लावत होती, ते तसंच अर्धं राहिलं. मग तिने विचारलं, किती वेळापासून?

मी म्हटलं, उठल्यापासून. ती म्हणाली, बरं. गॅसवर पाणी ठेवलं शेकाच्या पिशवीसाठी, आणि ते तापेपर्यंत तिथेच उभी राहिली, पर्स खांद्याला लावून, ऑफिसला उशीर करत.